चौथ्या यंत्राची जागा

जुनी आर्केड यंत्रे जमवायची असे मी ठरवले, तेव्हा सुरुवात केली ती एका वहीत यादी करण्यापासून. स्पेस इन्व्हेडर्स (१९७८), ॲस्टेरॉइड्स (१९७९), पॅक-मॅन (१९८०), डाँकी काँग आणि गॅलागा (दोन्ही १९८१) आणि बराच विचार करून शेवटी स्ट्रीट फायटर टू (१९९१), अशी ती यादी होती. खिशातले शेवटचे नाणे संपेपर्यंत लहानपणी ज्या पडद्यांसमोर उभा राहिलो आणि नाणी संपल्यावर दुसऱ्यांच्या खांद्यावरून ज्यांच्याकडे पाहत राहिलो, त्यांचीच ही नावे होती. आता ती वही उघडली की यादीतली चूक लगेच दिसते. ती खेळांची यादी होती, आणि खेळ जमवायला फारसे काही लागत नाही. १९९७ साली मेम हे सॉफ्टवेअर निघाले आणि आता या यादीतला एकूण एक खेळ त्यावर साध्या संगणकात चालतो. मला हवे होते ते त्या खेळाभोवतीचे सगळे: पुरुषभर उंचीचे लाकडी खोके, धुरकट काचेआडची पिक्चर ट्यूब, हाताला जाणवणारा काडीचा (जॉयस्टिकचा) खटका आणि माथ्यावरच्या नावाच्या पट्टीमागे बारीक गुणगुणणारी ट्यूबलाइट. हे उमगायला पहिले यंत्र घरात यावे लागले.

ते यंत्र यादीतले नव्हते. एका बंद पडलेल्या करमणूक केंद्राचे सामान निकालात निघत होते आणि त्यात एक पांढऱ्या रंगाचे उभे यंत्र कोपऱ्यात पडले होते. विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की ते अगदी परवापर्यंत चालू होते, एखादा फ्यूज गेला असेल, बाकी काही नाही. पुढे लक्षात आले की बंद यंत्र विकणारा प्रत्येक माणूस हेच वाक्य म्हणतो, आणि त्यातला ‘परवा’ कधीकधी वीस वर्षांपूर्वीचा असतो. त्यांना मी मुळीच दोष देत नाही. मी मागचे दार उघडून पाहायला हवे होते, ते पाहिले नाही. किल्ली हरवली आहे हे उत्तर मला पुरेसे वाटले. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे मी स्वतःच्या घराचे दार मोजले नव्हते.

उभ्या आर्केड यंत्राचे वजन शंभर किलोच्या पुढे सहज जाते आणि त्यातले बरेचसे वजन समोरच्या बाजूला, पडद्याच्या जड काचेत असते. म्हणजे पाठीमागून रेटले की ते तोंडावर पडू पाहते, आणि ढकलणारे मात्र नेहमी पाठीमागेच असतात. आम्ही तिघे होतो, पट्ट्याची दुचाकी हातगाडी होती, आणि यंत्र उंबऱ्यापर्यंत आल्यावर लक्षात आले की ते दाराच्या मोकळ्या मापापेक्षा जेमतेम दोन बोटे रुंद आहे. दार बिजागऱ्यांवरून उतरवले, तरी एक बोट कमीच पडले. शेवटी यंत्राचा पुढे आलेला नियंत्रणफलक, म्हणजे काडी आणि बटणे बसवलेली फळी, सोडवून यंत्र आडवे फिरवून आत घेतले. या खटाटोपात तासभर गेला, चौकटीचा एक टवका उडाला आणि एका मित्राने असल्या कामाला पुन्हा बोलावू नये असे स्पष्ट सांगितले. (तो पुढच्या दोन्ही वेळांना आला.) त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर खेळांच्या नावांऐवजी दारांची, जिन्याच्या वळणाची आणि गाडीच्या मागच्या दाराची मापे आहेत.

कुलूप ड्रिलने फोडून मागचे दार काढले, तेव्हा आतून धूळ, जळकट वास आणि उंदरांनी कागद कुरतडून केलेले घर असे सगळे एकदम बाहेर आले. तळाशी दोन नाणी, एक तुटलेली किल्ली आणि मूठभर स्क्रू होते. तारांच्या जुडग्यात निरनिराळ्या काळातले निरनिराळे हात दिसत होते: काही तारा कारखान्यात नीट बांधलेल्या, काही नंतर कुणीतरी चिकटपट्टीने जोडलेल्या, काही कशालाच न जोडता लोंबकळणाऱ्या. फ्यूज खरोखरच गेला होता. पण त्याच्या जागी कुणीतरी चांदीचा कागद गुंडाळून बसवला होता. असा कागद दिसला की पुढचे सगळे काम संशयानेच करावे, कारण फ्यूज का जातो हे शोधण्याऐवजी तो जाऊच नये अशी व्यवस्था कुणीतरी केलेली असते आणि मूळ बिघाड तसाच आत राहिलेला असतो.

हे यंत्र म्हणजे आमच्या या छंदात ज्याला ‘रूपांतरित’ म्हणतात त्यातले होते. १९८०च्या दशकात खेळाची लोकप्रियता ओसरली की मालक बरेचदा नवे यंत्र घेत नसत. जुन्याच खोक्यात नव्या खेळाची पाटी (चिपा बसवलेला सर्किट बोर्ड), नवी काडी, नवी नावाची पट्टी घालून, बाहेरून रंग मारून ते पुन्हा कमाईला लावत. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची तारांची जोडणी वेगळी असे, म्हणून हे काम किचकट होते. दशकाच्या मध्यावर जपानमध्ये जामा हे जोडणीचे प्रमाण ठरले आणि ५६ पिनांच्या एकाच कनेक्टरवर वीज, चित्र, आवाज, काड्या आणि बटणे असे सगळे आले. त्यानंतर खेळ बदलणे म्हणजे एक पाटी उपसून दुसरी खोचणे, इतके सोपे झाले. माझ्या यंत्रात असाच त्या दशकाच्या उत्तरार्धातला एक विमानांचा खेळ होता; नाव सांगण्याइतका तो प्रसिद्धही नाही.

नवा, योग्य मापाचा फ्यूज घालण्याआधी मी खेळाची पाटी आणि पडदा या दोन्हींच्या जोडण्या काढून ठेवल्या आणि फक्त वीजपुरवठा चालू करून मल्टिमीटर लावला. पाच व्होल्ट हवेत तिथे ५.०५ मिळाले, बारा हवेत तिथे बारा. पाटी जोडली, तर आवाज नाही, चित्र नाही. ठरावीक वेळाने एक बारीक टक्‌ असा खटका मात्र ऐकू येई. तो ‘वॉचडॉग’चा होता. या पाट्यांवर पहारेकऱ्यासारखे एक सर्किट असते. प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळात त्याला हाक दिली नाही, तर तो सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे पाटी मेलेली नव्हती, ती उठण्याचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा पडत होती. दोन संध्याकाळी मी चिपांवर संशय घेण्यात घालवल्या. तिसऱ्या संध्याकाळी, पुरवठ्यापाशी मोजलेले पाच व्होल्ट प्रत्यक्ष चिपच्या पायावर मोजावेत असे सुचले. तिथे ४.६ होते. मधले जवळजवळ अर्धे व्होल्ट कनेक्टरच्या काळवंडलेल्या पट्ट्यांवर खर्ची पडत होते. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने पाटीच्या कडेवरच्या तांब्याच्या पट्ट्या घासल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कनेक्टरच्या दोन ढिल्या पिना बदलल्या, आणि स्पीकरमधून अचानक इतक्या मोठ्याने संगीत आले की मी दचकून मागे सरकलो. अशा यंत्रांतल्या मला भेटलेल्या बिघाडांपैकी निम्मे तरी जोडणीचे होते. चिपा काढून पुन्हा नीट दाबून बसवणे, कनेक्टर घासणे, सैल तार घट्ट करणे, हे आधी करावे आणि सोल्डरिंगची बंदूक त्यानंतर तापवावी.

आवाज आला, पण चित्र वाकडे होते. उभ्या रेषा सापासारख्या हलत होत्या, एका कडेला चित्र दुमडल्यासारखे दिसत होते आणि लाल रंग पसरलेला होता. हा पिक्चर ट्यूबच्या पाटीवरचा वार्धक्याचा आजार आहे. तिच्यावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांतला द्रव तीस-चाळीस वर्षांत सुकतो. उपाय म्हणजे ते सगळे एकगठ्ठा बदलणे. उपाय सोपा आहे, पण ज्या ठिकाणी तो करायचा ते ठिकाण सोपे नाही. रंगीत ट्यूबच्या रबरी टोपीखाली यंत्र चालू असताना वीस हजारांहून अधिक व्होल्ट असतात, आणि वीज काढून घेतल्यावरही ट्यूबच्या काचेत तो भार टिकून राहतो. त्यात भर म्हणजे अशा अनेक पाट्यांचा धातूचा सांगाडा थेट मुख्य विजेशी जोडलेला असतो, म्हणून यंत्रात तिच्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच. रूपांतर करणाऱ्याने तो काढून टाकलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. यंत्र ज्या देशाच्या विजेसाठी बनले ते व्होल्टेजही मागच्या पट्टीवर वाचून घ्यावे.

ट्यूबचा भार उतरवायला पहिल्यांदा मी एका जाणत्या दुरुस्तीवाल्यांना बोलावले. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. आयुष्यभर दूरचित्रवाणी संच दुरुस्त केलेले. त्यांनी आधी भिंतीतला प्लग काढून तो माझ्या हातात दिला, म्हणजे तो कुणी चुकून लावणार नाही. मग लांब दांड्याच्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरला जाड तार बांधली, तारेचे दुसरे टोक ट्यूबच्या धातूच्या चौकटीला चिमट्याने पकडवले, डावा हात पाठीमागे घेतला आणि ड्रायव्हरचे पाते हळूच रबरी टोपीखाली सरकवले. ‘टच्‌’ असा कोरडा आवाज आला. मला वाटले, झाले. ते म्हणाले, “थांबा, घाई करू नका.” पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा पाते सरकवले आणि पुन्हा, थोडा बारीक, पण तसाच आवाज आला. काचेत मुरलेला भार असा हळूहळू परत वर येतो. डावा हात पाठीमागे का, हे मी विचारले, तर म्हणाले, “दोन्ही हात आत असले की वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि वाटेत छाती असते.” त्यांच्यासमोर तीनदा करून दाखवल्यावरच त्यांनी मला हे काम एकट्याने करण्याची मुभा दिली. पुस्तकात वाचून किंवा चित्रफीत पाहून हे पहिल्यांदा करू नये, असे माझे ठाम मत आहे.

कपॅसिटर बदलताना एक चूक मी केलीच. पंचवीसेक नग होते. एकेक काढायचा, त्याच मापाचा नवा लावायचा, यादीवर खूण करायची, असा क्रम ठेवला होता, पण मध्येच उठून आलो आणि एक उलटा बसवला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला उणे-अधिक असते. यंत्र चालू केल्यावर दहा-बारा सेकंदांत फटाक्यासारखा आवाज झाला, खोलीभर माशाच्या तेलासारखा वास पसरला आणि पाटीवर कागदाचे तुकडे विखुरले. सुदैवाने नुकसान तेवढ्यावरच भागले. तेव्हापासून काढण्याआधी प्रत्येक पाटीचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेतो आणि शेवटी एकदा चहूबाजूंनी कपॅसिटरांवरचे उण्याचे पट्टे जुळवून पाहतो. चित्र सरळ झाले. रंगांची जुळवणी मात्र मी केली नाही. ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकी कड्या कारखान्यात लावून वर रंगाचा ठिपका ठोकलेला असतो आणि त्या हौसेने हलवणारा माणूस नंतर आठवडाभर त्या परत लावत बसतो, हे मला वेळीच सांगितले गेले होते. पडद्याच्या कोपऱ्यातला जांभळा डाग चुंबकत्व उतरवणारी डीगॉसिंग कॉइल फिरवल्यावर गेला. हलवाहलवीत पडद्यामागच्या लोखंडी जाळीला चुंबकत्व चिकटते, त्याचा तो डाग असतो.

मग मी बाहेरचा पांढरा रंग खरवडायला घेतला, आणि या यंत्राने मला दुसऱ्यांदा थांबवले. पांढऱ्याखाली फिकट पिवळा थर होता आणि त्याखाली, पॉलिश पेपरच्या एका हलक्या हाताने, रंगीत चित्राची कड वर आली. हे मुळात १९७९ सालच्या गॅलॅक्सियनचे खोके होते. ज्यांना या यंत्रांचे वेड आहे त्यांच्यात अशा वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो, रूपांतर पुसून मूळ यंत्र पुन्हा उभे करा, मूळ पाटी शोधा, चित्रे पुन्हा छापून घ्या. दुसरा म्हणतो, या खोक्याने गॅलॅक्सियन म्हणून कदाचित दोन-तीन वर्षे काढली आणि विमानांचा खेळ म्हणून पुढची कित्येक. तेव्हा खरे कोणते? मी महिनाभर पहिल्या तटात होतो. मग नाद सोडला. एका बाजूला तळहाताएवढी खिडकी खरवडून मूळ चित्र दिसेल असे ठेवले, कडा गुळगुळीत केल्या आणि बाकीचा पांढरा रंग तसाच राहू दिला. पाहुण्यांना ते अर्धवट सोडलेले काम वाटते.

दुसरे यंत्र मात्र यादीतले होते: पॅक-मॅन, अमेरिकेत मिडवेने बनवलेले पिवळे उभे खोके. या वेळी मी विजेरी, मल्टिमीटर आणि मापपट्टी घेऊन गेलो आणि यंत्र चालू आहे की बंद यापेक्षा परत मिळणार नाही असे त्यात काय आहे, ते आधी पाहिले. चिपा मिळतात, कपॅसिटर मिळतात, बटणे नवी बनतात. न फुटलेली ट्यूब, मूळ रंगाच्या बाजू, पडद्यासमोरची छापलेली काच, आणि अनुक्रमांकाची पत्र्याची पट्टी या गोष्टी एकदा गेल्या की सहजी परत येत नाहीत. या यंत्राची पाटी मेलेली होती, पडद्यावर चक्रव्यूह कायमचा भाजलेला होता आणि तळ पाण्याने फुगलेला होता; पण बाजूंचा पिवळा रंग मूळचा होता आणि काचेला चीर नव्हती. मी ते घेतले. शेजारीच उभे असलेले चालू स्थितीतले यंत्र मी सोडले, कारण त्याच्या बाजूंवर कुणीतरी हिरवा ऑइल पेंट मारला होता.

भाजलेल्या चक्रव्यूहाबद्दल थोडे सांगायला हवे. तेच चित्र वर्षानुवर्षे एकाच जागी राहिले की ट्यूबवरचा प्रकाशणारा लेप तिथे झिजतो, आणि यंत्र बंद असतानाही काचेवर भिंती अंधुक दिसत राहतात. पॅक-मॅनमध्ये चक्रव्यूह कधीच बदलत नाही. पहिल्या फेरीपासून तोच, आणि २५६व्या फेरीपर्यंत कुणी पोचलाच, तर तिथे फेऱ्यांचा आठ बिटांचा मोजक उलटून पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो, तोपर्यंतही तोच. खेळ चालू असताना ही झीज नव्या भिंतींखाली बरोबर झाकली जाते. म्हणून ट्यूब बदलण्याचा विचार मी पुढे ढकलला आणि तो अजून तिथेच आहे.

पाटी मेली होती ती याच यंत्राच्या एका जुन्या खोडीमुळे. बहुतेक यंत्रांत वीज बाहेर शुद्ध होऊन पाटीकडे पाच व्होल्टची एकदिश वीज येते. पॅक-मॅनमध्ये ट्रान्सफॉर्मरची प्रत्यावर्ती वीज ४४ पिनांच्या कनेक्टरमधून थेट पाटीवर जाते आणि तिथेच तिचे पाच व्होल्ट केले जातात. प्रवाह मोठा, पिना लहान. पिना तापतात, काळ्या पडतात, मग आणखी तापतात. माझ्या कनेक्टरची एक बाजू चॉकलेटसारखी वितळली होती आणि पाटीच्या कडेवरच्या दोन पट्ट्या जळून उडाल्या होत्या. तांब्याचे पातळ तुकडे कापून, चिकटवून, सोल्डरने मुख्य वाटेशी जोडून त्या दोन पट्ट्या पुन्हा उभ्या करायला मला एक पूर्ण रविवार लागला. दोनदा त्या उचकटून निघाल्या, तिसऱ्यांदा टिकल्या. कनेक्टर नवा बसवला. पडद्यावर चित्र आले, पण ते चित्रविचित्र चिन्हांचे होते आणि वॉचडॉग पुन्हा पुन्हा यंत्र उठवत होता.

इथे मेमचा अनपेक्षित उपयोग झाला. त्याच्या निर्मात्यांनी प्रत्येक खेळाच्या प्रत्येक चिपमधल्या मजकुराची बेरीज-तपासणी नोंदवून ठेवली आहे. पॅक-मॅनचा सगळा प्रोग्रॅम चार किलोबाइटच्या चार चिपांत मावतो; त्या सॉकेटमधून काढल्या, एकेक वाचनयंत्रात घालून नोंदीशी ताडून पाहिल्या आणि एक चिप जुळली नाही. इप्रॉम जातीच्या चिपांना माथ्यावर काचेची खिडकी असते, कारण त्यांचा मजकूर अतिनील प्रकाशाने पुसतात. त्या खिडकीवरचा कागद निघालेला होता. प्रकाशाने पुसली की वयाने विसरली हे मी ठरवू शकलो नाही, पण नवी चिप लिहून बसवली आणि चार भुते पडद्यावर आपापल्या नावांसह ओळीने आली.

तळाचे सुतारकाम मी येथे लांबवत नाही. फुगलेला चिपबोर्ड सुकवून काही उपयोग होत नाही. कुजलेला चार बोटांचा भाग सरळ रेषेत कापून काढला, त्या जागी प्लायवूडचा तुकडा गोंद आणि खुंट्यांनी बसवला, लांबी (पुट्टी) भरली, घासली, आणि कडेच्या खाचेत नवी प्लॅस्टिकची पट्टी ठोकली. काडीच्या बाबतीत मात्र एक सूचना करतो. आधीच्या मालकाने तुटलेल्या काडीच्या जागी आठ दिशांची आधुनिक काडी बसवली होती आणि तिने वळणावर पॅक-मॅन अडकत असे, कारण तिरका दाब त्या खेळाला कळतच नाही. चार दिशांची मूळ जातीची, पितळी पात्यांची काडी बसवल्यावर माझा खेळ एकाएकी सुधारला असे मला वाटले. घरच्यांना तसे वाटले नाही.

तिसरे, ॲस्टेरॉइड्स, मी पडद्यासाठी घेतले. याची ट्यूब दूरचित्रवाणीसारखी ओळी भरत नाही. इलेक्ट्रॉनचा किरण प्रत्येक आकृतीच्या रेषेवरून पेन फिरवावा तसा फिरतो. त्यामुळे रेषांना पायऱ्या नसतात, आणि गोळीच्या ठिपक्यावर किरण थबकतो म्हणून तो बाकी चित्रापेक्षा इतका लख्ख पेटतो की अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत भरतो. सपाट आधुनिक पडद्यावर हे मला आजवर कुठेही दिसलेले नाही. काडी नाही, फक्त पाच बटणे: डावीकडे, उजवीकडे, जोर, गोळी आणि अंतर्धान.

यंत्र आले तेव्हा पडदा काळा होता आणि ट्यूबच्या पाटीवर एक लाल दिवा जळत होता. हा दिवा म्हणजे पडदा गेला, असे मी गृहीत धरले आणि सुटे भाग शोधत पंधरा दिवस काढले. दिव्याचा अर्थ उलटा होता. किरण हलवण्याच्या आज्ञा येत नसतील, तर तो एकाच ठिकाणी थांबून लेप जाळेल, म्हणून पडदा स्वतःच किरण बंद करतो आणि दिवा लावतो. आज्ञा देणारी खेळाची पाटीच झोपलेली होती. ती झोपली होती कारण यंत्राच्या तळाशी असलेल्या वीजपुरवठ्यातला निळा, पेल्याएवढा कपॅसिटर म्हातारा झाला होता. सुमारे २७,००० मायक्रोफॅरडचा तो नग बदलला, वीज नियंत्रित करणाऱ्या पाटीचे कनेक्टर घासले, पाच व्होल्ट चिपच्या पायावर मोजले (ही सवय आता लागली होती) आणि लाल दिवा विझला. दगड दिसले. मी खेळलो नाही. बराच वेळ नुसते पाहत बसलो.

तीन यंत्रांना लागणारी जागा, आणि एकत्र चालू केल्यावर खोलीत होणारी उष्णता, यांचा अंदाज मला आधी नव्हता. प्रत्येकामागे हात घालून दार उघडता येईल इतकी मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर दर दुरुस्तीला शंभर किलो ओढावे लागतात. महिन्यातून एकदा प्रत्येक यंत्र तासभर चालवतो. बंद ठेवून ती टिकत नाहीत. वहीत प्रत्येकाचे एक पान आहे आणि त्यात तारीख, मोजलेले व्होल्ट, बदललेला भाग एवढेच लिहितो. नाण्याचा मार्ग तिन्हींत चालू ठेवला आहे. पाटीवरच्या छोट्या स्विचांनी फुकट खेळाची सोय करता येते, पण नाणे घरंगळत जाऊन खाली पडल्याच्या आवाजाशिवाय सुरू झालेला खेळ मला खोटा वाटतो. म्हणून यंत्रावर एका वाटीत तीच ती दहा-बारा नाणी ठेवली आहेत.

चौथ्यासाठी भिंतीशी जागा ठेवली आहे. त्या जागेवर एक डिफेंडर (१९८१) जवळजवळ आले होते. खोके देखणे होते, ट्यूब चांगली होती, आणि विकणाऱ्यांनी किंमतही उतरवली होती. मी मागचे दार उघडायला सांगितले. या यंत्राच्या पाटीवर गुणसंख्या लक्षात ठेवण्यासाठी पेन्सिल सेलच्या मापाच्या तीन बॅटऱ्या असतात; त्या कुणी वेळेवर काढल्या नाहीत की गळतात, आणि गळलेले रसायन पाटीवरच्या तांब्याच्या वाटा एकेक करून खात जाते. विजेरी धरली तर बॅटऱ्यांचा साचा हिरव्या-पांढऱ्या बुरशीने भरलेला होता, त्याखालचे सॉकेट काळे पडले होते आणि डाग बोटभर खालपर्यंत उतरला होता. मी त्यांना म्हटले, “एवढे काम माझ्या हातचे नाही.” ते म्हणाले, “अहो, परवापर्यंत चालू होते.” मी त्यांना निदान बॅटऱ्या तरी आजच काढून टाका असे सुचवले, त्यांनी त्या तिथेच माझ्यासमोर काढल्या, आणि मी रिकामी गाडी घेऊन परत आलो.

परवा एकांचा निरोप आला आहे. टेबलाच्या आकाराचे, दोन खेळाडूंनी समोरासमोर बसून खेळायचे स्पेस इन्व्हेडर्स आहे, बंद आहे, वरची काच शाबूत आहे. आतल्या पाट्यांची छायाचित्रे मागवली आहेत, आणि टेबल आडवे केले तर जिन्याच्या वळणातून जाते की नाही, हे पाहण्यासाठी आज संध्याकाळी पुठ्ठ्याचे तेवढे खोके करून जिन्यातून वर-खाली नेणार आहे.